टक्के, पण कशाचे?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतोय. नुसत्या आकड्यांची गणितं भराभर सोडवतो, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडतो. परवाचं उदाहरण असं होतं : 'एका वर्गात मुलगे व मुली यांचे गुणोत्तर 3:2 आहे, तर मुली मुलग्यांपेक्षा शेकडा किती कमी आहेत?' त्याने 40 लिहिलं. पुस्तकात उत्तर 33⅓ आहे. सूत्रं पाठ करून घेऊ का?
– एक आई, चिपळूण

उत्तर : सूत्रं नकोत, ताई. आधी त्याचं 40 कुठून आलं ते बघा. पाच भागांपैकी दोन भाग मुली, म्हणजे 40 टक्के. हिशेब अगदी बरोबर आहे! वर्गातल्या एकूण मुलांत मुली किती, या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलंय. आकडेमोड पक्की आहे, वाचन घाईचं आहे. मी इतकी वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलं. अशा मुलाला 'गणितात कच्चा' म्हणणं मला अन्यायच वाटतो. परीक्षेतल्या चार पर्यायांत हे 40 बहुधा असतंच, म्हणून घाई महागात पडते.

त्याला 'मुलग्यांपेक्षा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. ज्याच्याशी तुलना, त्याला 'पेक्षा' लागतं आणि त्यालाच 100 मानायचं. मुलगे 3 भाग, ते 100. मुली एका भागाने कमी, म्हणून 33⅓. मग उलटं विचारा : मुलगे मुलींपेक्षा शेकडा किती जास्त? फरक तोच एक भाग, पण आता 100 म्हणजे मुलींचे 2 भाग. उत्तर 50. हे त्याने स्वतः मांडून बघायला हवं, नुसतं सांगून टिकत नाही.

आणखी एक गडबड नेहमी होते. 3:2 हे भाग आहेत, माणसं नव्हेत. वर्गात 40 मुलं असतील तर एक भाग 8 जणांचा. 24 मुलगे, 16 मुली. चार मुली नव्याने आल्या की पुष्कळ मुलं 3:6 लिहून मोकळी होतात. आधी माणसं मोजायची : 24 आणि 20, म्हणजे 6:5.

घरात 916 चा शिक्का असलेला दागिना असेल तर तो शिक्का त्याला भिंगातून दाखवा. 22 कॅरेट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोनं, उरलेले 2 भाग इतर धातू, गुणोत्तर 11:1. मग इतर धातूंचा हिस्सा कितवा? बरीच मुलं 'अकरावा' म्हणतात. पण अख्खा दागिना 12 भागांचा, म्हणून बारावा. 11 ला 12 ने भागलं की 0.9166… येतं, शिक्क्यावरचे 916 तेच.

दुकानाचं बिलही चालेल. 18 टक्के जीएसटी धरून 1,180 रुपये झाले, तर कर किती? 1,180 चे 18 टक्के काढले तर 212.40 येतात आणि ते चूक. 100 म्हणजे वस्तूची मूळ किंमत, बिल 118. कर 180 रुपये.

पहिला आठवडाभर त्याला उत्तर काढूच देऊ नका. उदाहरण वाचायचं आणि वहीत एवढीच ओळ लिहायची : '100 म्हणजे मुलगे', '100 म्हणजे मूळ किंमत'. तुम्ही फक्त ती ओळ तपासा. त्यासाठी तुम्हाला गणित यायलाच हवं असं नाही.