आधी तक्ता, मग लॉगिन

प्रिय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या आठवड्यात शोधपत्रिकेच्या संपादकीय कार्यालयात दोन नवीन माणसं येतायत आणि त्यांना तयार करायचं काम तुझ्याकडे आलंय, म्हणून हे पत्र. लॉगिन द्यायचं, सॉफ्टवेअरची बटणं दाखवायची आणि रांगेतल्या शोधनिबंधांना जुंपायचं, असा मोह होईल. बटणं चार दिवसांत कुणालाही येतात. कुठलं बटण दाबल्यावर कुणाला काय दिसतं, हे मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि बहुतेक भानगडी तिथूनच निघतात.

तेव्हा गोपनीयतेच्या कागदावर सही घेऊन पहिले दोन दिवस प्रसिद्ध झालेल्या एकाच शोधनिबंधाची अख्खी फाइल त्यांच्यापुढे ठेव: पहिलं सबमिशन, समीक्षकांना गेलेली निमंत्रणं (नकार आलेलीसुद्धा), अहवाल, निर्णयपत्र, लेखकाचं मुद्देनिहाय उत्तर, सुधारित प्रत, प्रूफ. प्रत्येक कागदासमोर तीन रकाने त्यांनीच भरायचे: हे लेखकाला दिसतं का, समीक्षकाला दिसतं का, संपादकाला दिसतं का. तक्ता चुकेल, चुकू दे. समीक्षकाच्या फॉर्मवर बहुधा दोन चौकटी असतात, एक लेखकासाठी आणि एक फक्त संपादकासाठी. दुसरीतला मजकूर निर्णयपत्रात चिकटला की समीक्षकाचा विश्वास गेला. हा धोका तक्ता भरताना जितका पटतो तितका सूचना वाचून पटत नाही.

नंतर छाननी. तुमच्याकडे लेखक आणि समीक्षक दोघांचीही नावं एकमेकांपासून लपवत असाल, तर इथे सगळ्यात जास्त वेळ घाल. एक नमुना फाइल घे आणि तिच्यात लेखकाची ओळख आठ ठिकाणी पेर: फाइलच्या नावात, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, ट्रॅक चेंजेसच्या शेऱ्यांमध्ये, ऋणनिर्देशात, अनुदानाच्या क्रमांकात, नैतिकता समितीच्या नावात, ‘आमच्या मागील अभ्यासात [७]’ अशा वाक्यात आणि पुरवणी फाइलमधल्या तक्त्याच्या तळटिपेत. मग शोधायला सांग. ऋणनिर्देश सगळ्यांना सापडतो. निसटतात त्या प्रॉपर्टीज आणि पुरवणी फाइल, कारण मुख्य मजकूर वाचताना त्या समोर येतच नाहीत. सापडलेली वाक्यं आपण बदलायची नाहीत, लेखकाकडे परत पाठवायची. ‘आमच्या’च्या जागी तिऱ्हाइतासारखा उल्लेख करा, एवढंच कळवायचं. संदर्भ काढून टाका असं सांगितलं तर समीक्षकाला आधीचं काम तपासताच येत नाही.

आणि हो, समीक्षकाने जोडलेली फाइलही याच चाळणीतून जायला हवी. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याचं नाव असतं, हे त्याच्याही लक्षात नसतं.

साम्य अहवालाची (लेखातला किती मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी जुळतो ते दाखवणारा अहवाल) टक्केवारी पाहून नवखा माणूस घाबरतो. ३० टक्क्यांत संदर्भसूची, पद्धतींची ठरावीक वाक्यं आणि लेखकाचाच प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षणाआधी जाहीर केलेला मसुदा, असू शकतो. ८ टक्के मात्र दुसऱ्याच्या चर्चेतला सलग उचललेला परिच्छेद निघू शकतो. आकडा बाजूला ठेवून कुठला मजकूर कुठून जुळतो ते उघडून बघायची सवय लाव. टिपण संपादकाकडे जाईल, निवाडा त्यांचा. कार्यालयाच्या पत्रात ‘चोरी’ हा शब्द कधीही येता कामा नये.

लेखकाने सुचवलेल्या समीक्षकांचा ईमेल तसाच उचलू देऊ नकोस. खोट्या पत्त्यांवरून स्वतःच्याच लेखाचं समीक्षण केल्याची प्रकरणं होऊन गेली आहेत. पत्ता संस्थेच्या पानावर किंवा त्या व्यक्तीच्या प्रसिद्ध लेखांवर पडताळायचा. ऑर्किड आयडीचा, म्हणजे संशोधकाच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाचा, उपयोग होतो, पण तो कुणीही काढू शकतो, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. (सोळा स्थानांपैकी शेवटचं ‘एक्स’ असू शकतं. टायपिंगची चूक समजून ते खोडू नये.) समीक्षक लेखकाचा अलीकडचा सहलेखक किंवा एकाच संस्थेतला निघाला, तर निमंत्रणाआधी संपादकाला विचारायचं.

स्वीकृतीनंतर नवं नाव घालायची विनंती आली की हात थांबलाच पाहिजे. कारण आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मागायची, तोवर प्रूफ पुढे जात नाही. प्रकाशनातली नीतिमत्ता पाहणाऱ्या, १९९७ साली सुरू झालेल्या ‘कोप’ (COPE) या संस्थेने अशा प्रसंगांसाठी फ्लोचार्ट केले आहेत. नावावर जाऊ नकोस, फार शांतपणे लिहिलेले आहेत. छापून टेबलाजवळ लाव.

दुसऱ्या आठवड्यात खरी पत्रं लिहू दे, पण ती तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय सुटणार नाहीत. सलग वीस पत्रं दुरुस्तीविना गेली की बाजूला हो. निर्णयपत्रं मात्र त्यानंतरही काही काळ बघत राहा.

एक गोष्ट पहिल्याच सकाळी सांग: चुकीच्या माणसाला मेल गेला तर ‘रिकॉल’ दाबत बसायचं नाही, बाहेरच्या पत्त्यांवर ते सहसा चालत नाही. काय गेलं, कुणाला गेलं, किती वाजता गेलं, हे त्याच तासात संपादकाला कळवायचं. आणि कळवल्याबद्दल बोलणी खावी लागणार नाहीत, हेही तेव्हाच सांगून टाक.