व्हिसाची शेवटची तारीख आणि मंगल कार्यालयाची तारीख

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

नोव्हेंबरच्या मध्यावर तुझा ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा (तिथल्या शिक्षणानंतर राहून नोकरी करायची परवानगी) संपतोय, जोडीदार ब्रिटिश नागरिक आहे, आणि घरचे म्हणताहेत की दिवाळीत नाशिकला या, लग्न उरकून टाकू, मग तिथे राहायचा प्रश्न सुटेल. हा क्रम धोक्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लग्न झालं म्हणून ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आपोआप मिळत नाही. तुला धरून ठेवतो तो अर्ज. व्हिसा चालू असताना पार्टनर व्हिसाचा, म्हणजे जोडीदाराच्या नात्यावर तिथे राहायच्या परवानगीचा, ऑनलाइन अर्ज भरून फी जमा केलीस, की ती तुझ्या अर्जाची तारीख. त्यानंतर निकाल येईपर्यंत, जुना व्हिसा मधेच संपला तरी, तुझा मुक्काम कायदेशीर राहतो आणि नोकरीही चालू ठेवता येते. त्यांच्या 1971 च्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम 3 सी मुळे हे संरक्षण मिळतं. पण अर्ज पडून असताना तू नाशिकला आलीस, तर तो मागे घेतला असं धरतात. फी भरलेली असो, लग्नपत्रिका वाटलेल्या असोत, त्यात सूट नाही. म्हणून एक तर अर्जाच्या आधी येऊन व्हिसा चालू असतानाच परत जा, नाहीतर निकाल हातात पडल्यावर ये.

नाशिकच्या लग्नात आणखी एक मेख आहे. तुझा जोडीदार हिंदू नाही. मंगल कार्यालयात सप्तपदी घातली तरी हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न धरलं जाणार नाही, कारण तिथे दोघंही हिंदू लागतात. विशेष विवाह कायद्याने करायचं तर नोटिशीआधी दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात सलग 30 दिवस मुक्काम हवा आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीत हे बसत नाही. इंग्लंडमध्ये रजिस्टर ऑफिसला नोटीस दिल्यावर 28 दिवस लागतात, पण एक जण परदेशी असला की ती मुदत 70 दिवसांपर्यंत वाढू शकते. मध्य नोव्हेंबरमधून 70 दिवस मागे मोज, म्हणजे उशीर कुठे होतो ते दिसेल. लग्नावाचूनही वाट आहे: लग्नासारखं नातं किमान दोन वर्षं चालत आलेलं दाखवता आलं तर अविवाहित जोडीदार म्हणूनही अर्ज होतो. तुम्ही एकत्र राहता, तेव्हा भाडेकरार, कौन्सिल टॅक्सची (तिथल्या घरपट्टीची) बिलं, दोघांच्या नावाने त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रं दोन वर्षांत विखुरलेली गोळा कर. शंभर फोटोंपेक्षा वेगवेगळ्या महिन्यांतली सहा पत्रं जास्त कामाची.

आता पैसे, कारण बरेच अर्ज इथेच अडकतात. 11 एप्रिल 2024 पासून उत्पन्नाची अट वर्षाला 29,000 पौंड आहे. तू तिथे कामाच्या परवानगीसह राहतेस, म्हणून तुझा पगारही धरता येतो. त्याचे 17,000 आणि तुझे 13,000 असले तरी अट पुरी. दोघांनी आपापल्या नोकरीत सहा महिने काढलेले असले तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच काळाची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र लागतं. पत्रात नोकरीचा प्रकार, वार्षिक पगार, किती काळ नोकरी आणि हा पगार कधीपासून, हे सगळं हवं. ठरलेला वार्षिक पगार असेल तर त्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी आकडा धरतात. मागच्या महिन्यातली पगारवाढ उपयोगी पडत नाही. स्लिपेवर 1,212 आणि खात्यात 1,200 जमा, असा फरक राहिला तर त्याचा खुलासा जोड. शेवटची स्लिप अर्जाच्या तारखेपासून 28 दिवसांहून जुनी नको. मधे कुणी नोकरी बदलली असेल तर हिशेब 12 महिन्यांचा होतो आणि कागद दुप्पट.

तुझे वडील म्हणतात, द्राक्षबागेतला तुकडा विकून पैसे पाठवतो. निव्वळ बचतीवर अट पुरी करायची तर 88,500 पौंड लागतात आणि बक्षीस म्हणून आलेली रक्कम तुमच्या ताब्यात सहा महिने राहिलेली हवी. उसने घेतलेले पैसे चालत नाहीत. तुमच्या दोघांचे पगार पुरताहेत, जमीन विकू देऊ नकोस.

फीशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वेगळा: वर्षाला 1,035, म्हणजे अडीच वर्षांचे 2,587.50 पौंड, अर्जाबरोबर एकरकमी. इंग्रजी येण्याच्या अटीसाठी तुझी तिथली पदवी पुरते. मराठी कागद असेल तर प्रमाणित भाषांतर जोड.

अर्ज गेल्यावर जुन्या ई-व्हिसाची (तुझ्या व्हिसाच्या ऑनलाइन नोंदीची) मुदत संपलेली दिसेल आणि कंपनी घाबरेल. एचआरला तिथल्या सरकारच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसवर तुझी कामाची परवानगी चालू आहे का, याची चौकशी करायला सांग. घरमालकासाठीही तशीच सेवा आहे. हे त्यांना आधीच सांगून ठेव.

एक गोष्ट वडीलकीच्या नात्याने. या व्हिसावर तुझा मुक्काम नात्यावर टिकून असतो, आणि ते तुझ्याविरुद्ध धमकी म्हणून कुणी वापरू शकतो. घरात छळ झाला म्हणून नातं तुटलं, तर पार्टनर व्हिसावरच्या व्यक्तीला कायम वास्तव्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. 'तुला परत पाठवीन' असं कुणी म्हटलं तर हे आठव. तुझा पासपोर्ट आणि ई-व्हिसाचं लॉगिन तुझ्याच हाती ठेव.

सल्ला घ्यायचा तर तिथल्या सॉलिसिटरचा किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेल्याचा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच पार्टनर व्हिसात बदलून घेऊ, असं इथला एजंट सांगत असेल तर उठून ये; व्हिजिटरला तसं बदलता येत नाही.

दोघांच्या सहा-सहा स्लिपा आणि स्टेटमेंट या आठवड्यात पाठव. तारखा आणि आकडे ओळीने लावून बघतो.

तुझा,
काका