मजा येतेय ना?

दिवाळीचा फराळ संपतो, थंडी पडायला लागते आणि माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांची एक ठरावीक तक्रार सुरू होते. "मॅडम, आम्ही एवढं पवनेला नेतो, मुळशीला नेतो. तंबू काय, शेकोटी काय! पण मुलांना कशाचं कौतुकच नाही. पोचून अर्धा तास झाला नाही की 'घरी कधी जायचं?'" बाणेर, हडपसर, सिंहगड रोड, पुण्यातले पत्ते बदलतात, वाक्य तेच. आणि निघता निघता, आवाज जरा खाली आणून, "आमचं काही चुकतंय का? की पोरातच काही आहे?"

गेल्या हिवाळ्यातलं एक कुटुंब सांगते. राहायला बावधनला. आई-बाबा दोघंही आयटीत, मुलगा दहाचा, मुलगी सहाची, आणि लाडू. लाडू म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं गावठी कुत्र्याचं पिल्लू, आता तीन वर्षांचं. ओळख पटेल असं बाकी सगळं बदललंय, लाडूचं नाव तेवढं खरं ठेवलंय. त्याची हरकत नसावी.

निमित्त झालं पवना धरणाच्या काठावरच्या एका रात्रीचं. शेजारच्या तंबूंमधला स्पीकर थांबायचं नाव घेईना. धाकटीला शू लागली, पण अंधारातून तेवढं लांब जायला ती तयार होईना. थोरल्याचं "घरी जाऊया" चालूच. बाबांचा पारा चढला. रात्री एक वाजता त्यांनी तंबू गुंडाळला आणि कोळवण-पौडमार्गे गाडी घराकडे वळवली. पिरंगुटजवळ लाडू मागच्या सीटवर ओकला. त्यानंतर चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

पहिल्या भेटीत बाबाच बोलले. मुलाला निसर्गाची आवड नाही, सतत मोबाईल हवा, तुम्ही जरा त्याला बघा. फोनवर त्यांनी मला सहलीचं वेळापत्रक दाखवलं. साडेचारला चहा, पाचला काठावर फेरी, सहाला सूर्यास्त, सातला शेकोटी. तुंग आणि तिकोना हे किल्ले कुठून एका फ्रेममध्ये येतात, तेही लिहिलेलं. आठवडाभर मुलं झोपल्यावर घरी पोचणारा हा माणूस. शनिवार-रविवारात पाच दिवसांची भरपाई करायची होती त्याला.

आईला मी वेगळं बोलावलं. ती आधी म्हणाली, मला काही अडचण नाही, यांना आवड आहे ना. मग चहा घेताना तिने काय काय नेतो ते सांगायला सुरुवात केली. चिरलेला कांदा, मसाला लावलेलं पनीर, भाजणीचं पीठ, ओडोमॉस, जादाचे मोजे, लाडूचा भात, पुसायची फडकी. यादी संपेचना. "कॅम्पिंग म्हणजे काय मॅडम, ओटा नसलेला स्वयंपाक. वर चेहरा हसरा ठेवायचा." हे वाक्य मी तेव्हाच वहीत टिपून ठेवलं. तिच्या नवऱ्याने ते कधी ऐकलं नव्हतं, कारण तिनेही ते पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

तिसऱ्या भेटीला सगळ्यांना या म्हटलं. सगळ्यांना म्हणजे लाडूसकट, असा अर्थ मुलांनी लावला. माझ्या खोलीत आलेला हा पहिला कुत्रा. थोरला खुर्चीवर बसलाच नाही, लाडूला टेकून खाली सतरंजीवर बसला. त्याला मी सहज विचारलं,

"पवनेला सगळ्यात जास्त मजा कुणाला येते रे?"

"लाडूला."

"कशावरून?"

"त्याला कुणी विचारत नाही ना."

"काय विचारत नाही?"

मुलाने मान वाकडी केली आणि हुबेहूब बाबांच्या आवाजात म्हणाला, "काय मग, मजा येतेय ना?"

धाकटीने लगेच भर घातली, "आणि हो म्हटलं की फोटो काढतात."

बाबा हसले. मग हसू तसंच अर्धवट राहिलं. अशा वेळी काहीतरी समजुतीचं बोलायचा मोह फार होतो. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट नक्की शिकले आहे, ती म्हणजे त्या क्षणी तोंड बंद ठेवणं. खोलीत फक्त लाडूच्या कान खाजवण्याचा आवाज. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "आमचे बाबा आम्हाला कुठेच न्यायचे नाहीत. मे महिन्यात आजोळी सोडून यायचे, बस. विहीर, गोठा, आंब्याची अढी. दिवसभर काय करता, कुणी विचारायचंसुद्धा नाही."

"मग मजा यायची?"

"खूप," ते म्हणाले. आणि आपलाच 'खूप' ऐकून गप्प झाले.

माझा ओढा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे, हे मी लपवत नाही. 1955 च्या सुमारास त्यांनी ती मांडली. माणसाला त्रास होतो तो इच्छेचा नाही, इच्छेची सक्ती होते तेव्हा, हे तिचं सार. ही सक्ती ते तीन ठिकाणी शोधायचे, स्वतःवर, इतरांवर आणि परिस्थितीवर. मराठीत तर ती शोधायला फार खोल जावं लागत नाही, आपला 'च' तिचा पत्ता देतो. मी चांगला बाप असायलाच हवं. मुलं खूश व्हायलाच हवीत. सुट्टी छानच जायला हवी. या बाबांकडे तिन्ही 'च' होते, आणि दर दहा मिनिटांनी मुलांची हजेरी घेऊन ते त्यांची खात्री करून घेत होते. मुलगा मोबाईल मागायचा तो या प्रश्नोत्तरांतून सुटायला. स्क्रीनकडे बघणाऱ्या मुलाला कुणी "मजा येतेय ना" विचारत नाही.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी स्वतःलाही पकडलं. प्रत्येक भेटीच्या शेवटी मी विचारते, "आता बरं वाटतंय ना?" समोरचा बिचारा हो म्हणतो. तो प्रश्न त्याच्यासाठी नसतो, माझ्यासाठी असतो. त्या आठवड्यापासून मी तो बंद केला.

गृहपाठ साधा दिला. दोन रविवारी सकाळी वेताळ टेकडी. वेळापत्रक नाही, फोटो नाही, 'मजा' हा शब्द काढायचा नाही. लाडूला पट्टा मात्र लावायचा, कारण तिथे मोर आहेत. कुत्रा एका झुडपाला पाच मिनिटं हुंगत उभा राहिला तर सगळ्यांनी उभं राहायचं. "चल, चल" करायचं नाही, त्यालाही नाही आणि मुलांनाही नाही. पहिल्या रविवारी बाबा खिशात हात घालून घालून थकले म्हणे. पहिला अर्धा-पाऊण तास मुलं कंटाळतात, कुरकुरतात, आणि आपण घाबरून तो वेळ भरून टाकतो. तो कंटाळा तसाच राहू दिला की मुलं आपणहून काहीतरी शोधतात. हे मी पालकांना इतक्यांदा सांगते की आमच्या घरीही आता त्यावरून माझी टिंगल होते.

तंबूची पहिली रात्र बाहेर नको. गच्चीवर किंवा हॉलमध्ये झोपून बघा. प्रत्येक मुलाला स्वतःचा टॉर्च हवा, आणि शू-शीची वाट उजेड असताना दोनदा चालून दाखवा. धाकटीची भीती निम्मी त्यानेच गेली. जेवण एकतर बाहेरून, नाहीतर त्या दिवशी स्वयंपाकाची जबाबदारी बाबांकडे, पिशवी भरण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. मदत करतो म्हणणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं, यावर या घरात एक अख्खी भेट गेली.

काही ठिकाणी मात्र मी स्वतःच 'च' वापरते. धरणाच्या पाण्यात मुलांना उतरू द्यायचंच नाही. काठ निवांत दिसतो, पण खाली गाळ असतो आणि तळ एकाएकी खोल जातो. ऊब म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घ्यायचीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुत्र्याला रेबीजची लस हवीच, बंद गाडीत त्याला ठेवायचं नाहीच. गवतातून आल्यावर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघायचे. मुलं चिवड्यातले बेदाणे वेचून प्रेमाने त्याला भरवतात, ते थांबवा. बेदाणे, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला बाधतात. पवनेला जाताना लाडूच्या भातावर कांदा परतून घालत होते, हे मला पाचव्या भेटीत कळलं.

जानेवारीत ते पानशेतच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतावर राहिले. पिठलं-भाकरी त्याच घरातून आली. परतल्यावर आई म्हणाली, "सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, मॅडम." आणि मग अर्धा तास तेच सांगत बसली. थोरल्याला गोठ्याच्या वळचणीला मऊ मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसले. मुंगी त्यात पडली की तळाशी दबा धरलेली अळी माती उडवून तिला खाली ओढते. तो, धाकटी आणि लाडू तिघं पोटावर पडून बघत होते. लाडूने एकात नाक घातलं आणि असा शिंकला की आठ-दहा खड्डे सपाट. मोबाईल गाडीतच राहिला होता, हे परतीच्या वाटेवर खडकवासल्याला लक्षात आलं. बाबा तेव्हा काय करत होते, मी विचारलं. "बाजेवर झोपले होते. घोरत."

शेवटच्या भेटीत सगळे निघाले. बाबा दारापर्यंत गेले, मागे वळले. "मॅडम, आता ठीक चाललंय ना आमचं?"

मी काही बोलायच्या आत, बुटाची नाडी बांधत बसलेला थोरला मान वर न करताच म्हणाला, "बाबा, परत सुरू!"