तुटलेला लोअर आर्म भंगारात टाकू नका

प्रश्न : माझी शिरोलीला एसजी आयर्नची (एक प्रकारच्या चिवट बिडाची) फाउंड्री आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या बाहा गाडीसाठी (विद्यार्थ्यांनी खडबडीत रस्त्यांच्या स्पर्धेसाठी बनवलेली गाडी) तिने ॲल्युमिनियमचा लोअर आर्म, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा केला, तो चाचणीत वेल्डिंगशेजारी तुटला. तरी सस्पेन्शनमधल्या हलक्या धातूंतच काम करायचं म्हणते. कॅडचा (संगणकावरच्या डिझाइनचा) महागडा कोर्स लावावा की एम.टेक.ला पाठवावं?
– एक पालक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

कोर्सचे पैसे तूर्त राहू द्या. कॅड तिला कॉलेजात येतंच असणार, आणि आर्म त्याच्यामुळे तुटलेला नाही. अशा गाड्यांत बहुधा ६०६१-टी६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरतात. टी६ म्हणजे उष्णतोपचाराने कमावलेली ताकद. वेल्डिंगची आच लागली की शेजारच्या पट्ट्यात ती जवळपास निम्म्यावर येते. पडद्यावर मात्र सगळा आर्म सारखाच दणकट दिसतो!

ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५, पण ताठपणाही तिपटीनेच कमी, ७० विरुद्ध सुमारे २०५ गिगापास्कल. म्हणजे नुसता धातू बदलून भागत नाही, आकार बदलावा लागतो. रुंदी तीच ठेवून उंची साधारण १.४ पट केली, तर वाकण्यातला ताठपणा पोलादाच्या बरोबरीला येतो आणि वजन निम्मं होतं. आता ती वाढीव उंची रिम आणि चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या मध्ये बसवायची कुठे? डिझाइनरचं निम्मं आयुष्य या भांडणात जातं. शिवाय पोलाद ठरावीक मर्यादेखालचा ताण वर्षानुवर्षं सोसतं. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही, प्रत्येक खड्डा ते लक्षात ठेवतं.

एम.टेक. जरूर करू द्या, पण आधी एक-दोन वर्षं चाकणकडे एखाद्या सुट्या भागांच्या कंपनीत, मिळालं तर फटीग टेस्टिंगला, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन भाग किती टिकतो हे तपासायच्या कामाला. मग सीओईपी, व्हीएनआयटी, आयआयटी मुंबईच्या मेटलर्जी विभागांचा विचार करा. मेकॅनिकलवाल्यांना कोणत्या अटीवर घेतात, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा.

सुट्टीत तिला तुमच्याच भट्टीपाशी उभी करा, ऑफिसात नको. घरची फाउंड्री असलेली मुलं फाउंड्रीपासूनच पळतात, हे मी बरंच पाहिलंय. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन ओढून घेतं आणि कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं पडतात; तुमच्याकडचे ब्लो होल (वायूमुळे कास्टिंगला पडणारी भोकं) निस्तरलेल्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

आणि तो तुटलेला आर्म जपून ठेवा. तुकडे एकमेकांना जुळवून बघू नका, तुटलेली तोंडं घासली जातात. आधी त्यांचे फोटो काढा. मग तिला वेल्डपासून दर २ मिलिमीटरवर हार्डनेस (कठीणपणा) मोजून आलेख काढू दे, म्हणजे ताकद कुठे घटली ते दिसेल. मुलाखतीला जाताना फाइलमध्ये तो आलेखच सगळ्यात वर ठेवायचा.