पहिला चष्मा डिसेंबरच्या भारतवारीपर्यंत थांबवू नकोस

अगं, लेकीची नजर नीट तपासून घ्या अशी शाळेच्या नर्सची चिठ्ठी आली म्हणून एवढी घाबरू नकोस. पण सात वर्षांच्या लेकीचा चष्मा डिसेंबरमध्ये पुण्याला गेल्यावरच करू, इथे अमेरिकेत फार महाग पडतो, असं जे तू लिहिलंयस ना, तो विचार प्लीज सोडून दे. शाळेत झालं ते नुसतं स्क्रीनिंग, त्यातून नंबर कळत नाही, आणि दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असेल तर मेंदू चांगल्या डोळ्यावरच भागवून घेतो आणि दुसरा हळूहळू आळशी होतो. पोरं तक्रारही करत नाहीत, कारण दोन्ही डोळे उघडे असताना त्यांना सगळं दिसतच असतं. आळशी डोळ्यावरचे उपाय लहान वयात जास्त चांगले लागू पडतात, नंतरही फरक पडतो पण मेहनत वाढते, त्यामुळे या वयात तीन-चार महिने घालवणं मला तरी पटत नाही.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचार की लहान मुलांना ड्रॉप्स, म्हणजे डोळ्याचं फोकस करणं थोडा वेळ थांबवणारे थेंब, घालून तपासता का. मुलांचे डोळे फोकस करायला इतके तयार असतात की ड्रॉप्सशिवाय मायनस नंबर जास्त निघू शकतो आणि प्लस नंबर लपून राहू शकतो. थेंब झोंबतात, मग अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, त्या दिवशी जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून टोपी ने आणि होमवर्क आदल्या दिवशी उरकून टाक. साध्या नंबरासाठी मुलांची सवय असलेला ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर तपासून देणारा, पुरतो, तिरळेपणा किंवा आळशी डोळ्याची शंका आली तर पीडियाट्रिक ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट, म्हणजे मुलांच्या डोळ्यांचा डॉक्टरच गाठ.

खर्चाचं म्हणशील तर आधी इन्शुरन्स बघ. मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर डोळ्यांसाठीचा व्हिजन प्लॅन बहुतेक वेगळा घ्यावा लागतो, पण मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी इन्शुरन्स बाजारातून, घेतलेल्या प्लॅनमध्ये १९ वर्षांखालच्या मुलांचं डोळ्यांचं कव्हर असतंच. एफएसए-एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठी करमुक्त पैसे ठेवायची खाती, त्यातले पैसेही चष्म्याला चालतात. आणि तपासणी झाली की प्रिस्क्रिप्शनचा कागद न मागता, जादा पैसे न घेता हातात द्यायचा, हा इथला फेडरल नियम आहे, त्यामुळे चष्मा त्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर मात्र त्या कागदावर असेलच असं नाही, ते लिहून माग.

काचा पॉलिकार्बोनेटच्याच, म्हणजे चिवट प्लॅस्टिकच्याच घे, मुलं पडतात, बॉल लागतो, त्या सहजी फुटत नाहीत.

आता फ्रेम. इथे घाई करू नकोस. आपल्या बऱ्याच मुलांचं नाक वरच्या बाजूला बसकं असतं, इथल्या एकसंध प्लॅस्टिकच्या फ्रेमा त्यावर टिकत नाहीत, चष्मा घसरतो आणि मूल काचेच्या वरून बघायला लागतं, मग नंबर कितीही अचूक काढला तरी उपयोग शून्य. वेगळे नोज पॅड असलेली फ्रेम बघ. दुकानातच तिला मान खाली घालून जोरात हलवायला सांग, गालाला टेकतो का ते हसवून बघ, आणि कानामागे काडी कुठे वळते ते बोटाने चाचपून बघ, वळण कानाच्या मागे गेलं असेल तर चष्मा पुढे येणारच. ऑप्टिशियन, म्हणजे दुकानातला चष्मा बसवून देणारा, काडी गरम करून दोन मिनिटांत वाकवून देतो. हे पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा करावं लागतं, म्हणून पहिला चष्मा घराजवळच्या दुकानातूनच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. तोडमोडीची वॉरंटी काय आहे तेही विचारून घे.

चष्मा लावला की नंबर वाढतो असं सासूबाई म्हणतात ते खरं नाही, मायनस नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबतो म्हणून, चष्मा घातला नाही तरी तो वाढायचा तेवढा वाढतोच. गाजर खुशाल खाऊ दे, पण त्याने नंबर जात नाही. त्यापेक्षा रोज बाहेर खेळायला पाठव, मायनस नंबर लागणं त्याने लांबतं हे अभ्यासांत दिसलंय.

पुण्याला दुसरा चष्मा जरूर कर, बॅकअप हवाच. फक्त प्रिस्क्रिप्शन आणि चालू चष्मा दोन्ही बरोबर ने, आणि काच पॉलिकार्बोनेटचीच हवी हे दुकानदाराला आधीच सांग.