आधी वही, मग पुस्तकं

निवृत्तीनंतर घर खायला उठतं, मन समजून घ्यायला युंग वाचू का, असं विचारलंत, म्हणून सांगतो. स्वप्नांतून मन उलगडू पाहणारा मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग, त्याची पुस्तकं लगेच घेऊ नका. उशाशी वही ठेवा. डोळे उघडताच, चहाआधी, स्वप्न लिहा. अर्थ लावायची घाई नको. मला सहा महिने बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर दिसायचं, माळ्यावर कुणीतरी पेटी वाजवतंय. बाबांनी माझं गाणं बंद केलं होतं, ते मनोविश्लेषकासमोर बोलताना आठवलं. (रडलो चक्क.) ज्याचा राग येतो त्याच्यात आपलीच सावली, म्हणजे स्वतःची नाकारलेली बाजू, शोधायची, हे मात्र जड जातं, अजून जातंय. १९१३मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्याशी फाटल्यावर खुद्द युंगही तळ्याकाठचे दगड वेचून मुलासारखी घरं रचत बसायचा. झोपच उडाली असेल, तर आधी डॉक्टर गाठा.