ओटोमी लोक कोण? त्यांची भाषा आणि हस्तकला कोणत्या?

ओटोमी हे मध्य मेक्सिकोतले मूळ रहिवासी. इदाल्गो, केरेतारो, पुएब्ला, वेराक्रूझ या राज्यांत त्यांची गावं आहेत. ‘ओटोमी’ हे नाव अ‍ॅझ्टेक लोकांच्या नावाट्ल भाषेतून आलेलं, म्हणजे इतरांनी दिलेलं. इदाल्गोतल्या मेस्कितालच्या खोऱ्यातले लोक स्वतःला ‘ह्न्याह्न्यू’ म्हणवतात.

भाषा ओटो-मांगे कुळातली. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, शिवाय अनुनासिक स्वरही आहेत. बोलणारे साधारण तीन लाख. बोलींमध्ये इतका फरक की लांबच्या दोन गावांतल्या लोकांना एकमेकांचं बोलणं कळणं अवघड जातं.

हस्तकलांमध्ये मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सान पाब्लितो गावचा आमाते कागद. वड-उंबराच्या कुळातल्या झाडांची (आता इतरही झाडांची) आतली साल चुन्यात किंवा राखेत तासन्‌तास उकळतात, तिच्या पट्ट्या फळीवर जाळीसारख्या मांडतात आणि दगडाने ठेचून एकजीव करतात. मग ऊन. लगदा नाही, गाळणी नाही! स्पॅनिश राजवटीत हा कागद दडपला गेला, कारण तो पूजाविधींत वापरला जाई. सान पाब्लितोत तो टिकला. तिथले मांत्रिक आजही त्यातून बियाण्यांच्या देवतांच्या आकृत्या कापतात.

इदाल्गोतल्या तेनांगो दे दोरिया या गावचं भरतकाम तुम्ही पाहिलं असेल: पांढऱ्या कापडावर रंगीत पशुपक्षी आणि फुलं. हा प्रकार मात्र तसा नवा. 1960च्या दशकातल्या दुष्काळात शेती बुडाली, तेव्हा तिथल्या लोकांनी विक्रीसाठी तो सुरू केला. घायपाताच्या धाग्याचं विणकामही मेस्कितालमध्ये चालतं.